"दुसऱ्यांच्या आवडीचंच वाढायचं का?" या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि खरं सांगते, नीट झोप नाही लागली. खाली चार ओळींत उत्तर द्यायला घेतलं होतं पण ते वाढतच गेलं, म्हणून वेगळी पोस्टच टाकतेय.

ज्यांनी मूळ पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी लिहिलं होतं की जपानमधे ऑफिसच्या पार्टीनंतर कराओकेला जायची वेळ आली तर बायकांनी कुठली जपानी गाणी घेतली की सगळी खोली गायला लागते, आणि सात-आठ नावं दिली होती. त्यावर या ताईंचं म्हणणं असं की गाणी जुनाट आहेत, टाळ्याखाऊ आहेत, हल्लीच्या गायकांपैकी योआसोबी नाही, आडो नाही, 'की' म्हणजे गाण्याची पट्टी खाली करून गाणं ही लबाडी आहे, 'आकाई स्वीट पी' या गाण्याचं साल चुकलंय, बॉस लोक पोरींना जबरदस्तीनं ड्युएटला उभं करतात त्यावर मी अवाक्षर काढलं नाही, आणि सगळ्यात शेवटी हे वाक्य: "कराओकेतही बायकांनी दुसऱ्यांच्या आवडीचंच वाढायचं का?"

सालाचं मान्य. मात्सुदा सेइकोचं ते गाणं १९८२चं, मी १९८० लिहिलं होतं, दुरुस्त केलंय, धन्यवाद. त्याच ओळीत मी लिहिलं होतं की त्याची चाल मात्सुतोया युमी या गायिका-संगीतकार बाईनं दुसऱ्या नावानं बांधलीये, ते बरोबर होतं, ते मात्र तुम्हाला दिसलं नाही.

आता ते 'वाढायचं'. तुम्ही पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय पण हा टोमणा आहे हे कुणालाही कळेल. प्रश्न विचारायचा असता तर विचारला असतात की बाई गं, तू ही गाणी का निवडलीस, मी आनंदानं सांगितलं असतं. तुम्ही थेट मला पंगतीत वाढपी करून टाकलंत. मी २००९ पासून टोकियोत नोकरी करतेय, स्वतःच्या पगारावर राहतेय, निशी-कासाईहून रोज तोझाई लाईनच्या त्या गर्दीत उभी राहून जाते, आणि मला कुणीतरी ओळखदेख नसताना सांगतं की मी पुरुषांची मर्जी राखायला गाणी म्हणते. हे लागतं हो मनाला.

पोस्टमधे मी 'पुरुष' हा शब्द एकदाही वापरलेला नाहीये, परत जाऊन बघा. मी 'खोली' म्हटलंय. खोलीत कोण असतं ते सांगते. २०१२चा डिसेंबर, बोनेनकाई, म्हणजे वर्षअखेरची ऑफिसची पार्टी, आणि त्यानंतर दुसरी बैठक कराओके बॉक्समधे. आम्ही अकरा जण, मधे बुटकं टेबल, टोपलीत एक डफली आणि दोन खुळखुळे. नवीन पोरं आपापली गाणी लावत होती, चांगलीच गात होती, पण बाकीचे सगळे गाणी निवडायच्या टॅबलेटवर मान घालून स्वतःचं पुढचं गाणं शोधत होते, ऐकत कुणीच नव्हतं. आणि दाराशी, भिंतीवरच्या फोनजवळ, आमच्या अकाउंट्सच्या बाई. दाराजवळची जागा सगळ्यात खालच्या मानाची, तिथे बसणाऱ्यानं फोनवरून सगळ्यांची ड्रिंक्स मागवायची. तीन वर्षांत त्यांच्या तोंडून मी पावत्यांशिवाय एक शब्द ऐकला नव्हता. मी पिंक लेडीचं 'यूएफओ' लावलं, १९७७चं. पहिले सूर वाजले आणि त्या बाईंनी हातातला रिसीव्हर ठेवला, दुसरा माईक उचलला आणि डोक्यामागून हात पुढे आणायची ती सुरुवातीची खूण अशी चोख केली की मीच ओळ चुकले. ते गाणं आलं तेव्हा त्या प्राथमिक शाळेत होत्या, मधल्या सुट्टीत मैत्रिणीबरोबर रोज नाचायच्या, हे त्यांनी नंतर सांगितलं. पिंक लेडी म्हणजे दोघी, एकटीनं ते गाणं पूर्ण होतच नाही. आमचं संपेपर्यंत ड्रिंक्स आमच्या विभागप्रमुखांनी मागवली होती, फोनवर, उभं राहून.

तर त्या दिवशी कुणी कुणाला वाढलं ते तुम्ही ठरवा.

आणि सगळ्यांना येणारं गाणं निवडणं हे कमीपणाचं तुम्हाला का वाटतं हेच मला कळत नाही. आपल्याकडे भोंडल्याला फेर धरून 'ऐलमा पैलमा' म्हणतात तेव्हा कुणाचा गळा गोड ते कुणी बघतं का? येणारी प्रत्येक पोर पहिल्या ओळीपासून म्हणायला लागते, त्यासाठीच तर ते गाणं असतं. कॅन्डीज या जुन्या त्रिकुटाचं 'तोशिशिता नो ओतोकोनोको' किंवा एकेबी या मुलींच्या ग्रुपचं 'फॉर्च्युन कुकी' माझ्या लेखी त्याच जातीचं आहे. याउलट योआसोबीचं 'आयडॉल' घ्या, २०२३चं, मला प्रचंड आवडतं, पण शब्द इतके भराभर आणि सूर इतके वरखाली की गाणारीची दमछाक आणि बाकीचे नुसते बघे. एकटीनं जाऊन म्हणा, मीही म्हणते.

पट्टी बदलण्याला लबाडी म्हणालात त्यावर मात्र बोलायलाच हवं. माझा आवाज जाड आहे. पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतातून मला आमच्या बाईंनी काढलं, "तुझा आवाज मुलांसारखा येतोय, तू नुसते ओठ हलव" असं पन्नास पोरांपुढे सांगून. मी ओठ हलवले. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं चारचौघांत गायले नाही, अंताक्षरीतसुद्धा अक्षर सुचवायचे आणि गप्प बसायचे. टोकियोत आल्यावर पहिल्यांदा हितोकाराला, म्हणजे एकटीच कराओकेला गेले, सुट्टी घेऊन भर दुपारी, तेव्हा दर कमी असतात. स्क्रीनवर कांजीच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या, वर बारीक अक्षरांत उच्चार लिहून येतो त्याच्या भरवशावर 'हानामिझुकी' लावलं आणि दुसऱ्याच ओळीला गळा चिरकला. मग पट्टी खाली करायचं ते बटण सापडलं. एकदा दाबलं की अर्धा सूर खाली. चारदा दाबलं आणि गाणं माझ्या गळ्यात येऊन बसलं, मी त्या खोलीत एकटी रडले आहे ताई. आणि तुम्ही त्याला लबाडी म्हणता.

बाय द वे, कराओकेचं मशीन १९७१ मधे कोबेत इनोउए दाइसुकेनं बनवलं, तो क्लबात वाजवणारा माणूस, गिऱ्हाइकाच्या गळ्याला झेपेल तशी साथ करायचा. एका गिऱ्हाइकाला सहलीला साथ हवी होती, याला जाता येईना, म्हणून टेप करून दिली, तिथून हे सगळं सुरू झालं. म्हणजे गळ्याप्रमाणे गाणं वाकवणं ही त्यातली मूळ गोष्ट आहे. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो' मी चार खालीच म्हणते आणि उएनोहून निघालेली ती रात्रीची गाडी पहिल्याच ओळीत आली की खोली शांत होते, मूळ पट्टीत नाही म्हणून कुणी उठून गेलेलं नाही.

आडो मला झेपत नाही, विषय संपला. जबरदस्तीच्या ड्युएटचं वाईटच आहे, त्याला इथे 'काराहारा', म्हणजे कराओकेवरून होणारा छळ, असा शब्दसुद्धा आहे, पण तो या पोस्टचा विषय नव्हता आणि प्रत्येक पोस्टमधे सगळं येऊ शकत नाही, तुम्हाला लिहायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचेन.

'टाळ्याखाऊ' या शब्दाचा मला राग नाहीये. टाळ्या मिळाल्या मला, त्या मी घेतल्या, पाचवीपासूनच्या थकल्या होत्या. पण पुढच्या वेळी पोस्ट शेवटपर्यंत वाचा, मग लिहा.