मकाऊबद्दलचा तो फॉरवर्ड वाचून ट्रिप कॅन्सल करू नका

हाँगकाँगच्या ट्रिपचा विषय निघाला की तो मेसेज कुणीतरी टाकतोच. शब्द थोडे इकडेतिकडे होतात पण मुद्दे तेच असतात: हाँगकाँगशेजारचं मकाऊ म्हणजे चिनी माफियाचं शहर, फॅमिलीला नेऊ नका, पोर्तुगीज होते तोवर शिस्त होती, १९९९ ला चीनकडे गेलं आणि गुंडांचं राज्य आलं, कॅसिनो सोडले तर बघायला काही नाही, हाँगकाँगहून सकाळी जाऊन संध्याकाळी परत या, आणि गेलातच तर थोडं बॅकराट (पत्त्यांचा जुगार) खेळा, ट्रिपचा खर्च निघून जातो. मला शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त खटकतो, कारण ज्या मेसेजने लोकांना रस्त्यावरच्या गुंडांची भीती घातली तोच मेसेज त्यांना खऱ्या धोक्याच्या टेबलावर नेऊन बसवतोय. तर एकेक घेऊ.

माफियाचा मुद्दा हवेतून आलेला नाही हे आधी मान्य करायला पाहिजे. १९९० च्या दशकात मकाऊत गँगवॉर झालं, खरंखुरं, गोळीबार, बॉम्ब, जाळपोळ सगळं. १४-के नावाची ट्रायड, म्हणजे चिनी गुन्हेगारी टोळी, आणि तिचे विरोधक एकमेकांच्या जिवावर उठले होते आणि भांडण होतं ते कॅसिनोच्या व्हीआयपी रूम्सवरून, म्हणजे बडे जुगारी कोण आणणार आणि त्यांच्यावरचं कमिशन कोण खाणार यावरून. १४-के चा म्होरक्या वान कुओक-कोई, ज्याला सगळे 'तुटक्या दाताचा' म्हणून ओळखायचे, तो १ मे १९९८ ला पकडला गेला, त्याच दिवशी ज्युडिशियरी पोलिसांच्या, म्हणजे गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या पोलिसांच्या, प्रमुखाच्या गाडीत स्फोट झाला होता. नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली, डिसेंबर २०१२ ला तो सुटला.

आता तारखा नीट बघा. मकाऊ चीनकडे गेलं २० डिसेंबर १९९९ ला. म्हणजे हे सगळं रक्त सांडलं ते पोर्तुगीज राज्यात, त्यांच्याच पोलिसांच्या डोळ्यांदेखत, आणि निकालसुद्धा हस्तांतराच्या महिनाभर आधी लागला. 'पोर्तुगीज गेले आणि गुंड आले' हा दुसरा मुद्दा इथेच संपतो, उलटंच झालंय, हस्तांतरानंतर रस्त्यावरचा हिंसाचार ओसरला. यात चीनचं कौतुक करायचा माझा हेतू नाही, त्यांची कडक सत्ता हे एक कारण आहेच, पण दुसरं कारण पैशाचं आहे. १९६२ पासून स्टॅन्ली हो यांच्या कंपनीची जुगारावर एकहाती मक्तेदारी होती, ती २००२ मध्ये संपली, २००४ मध्ये सँड्स हा अमेरिकन कॅसिनो आला, मग विन, मग व्हेनेशियन, आणि २००६ मध्ये मकाऊने जुगाराच्या कमाईत लास व्हेगासच्या स्ट्रिपला, म्हणजे तिथल्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्याला, मागे टाकलं. एवढा पैसा वाहायला लागल्यावर भर रस्त्यात गोळीबार करून गिऱ्हाईक पळवणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

गुन्हेगारी संपली का मग? नाही, ती आत गेली. हे समजून घेणं महत्त्वाचं आहे कारण मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीतच नाहीये. चीनमधून बाहेर पैसा न्यायला मर्यादा आहेत, आणि जुगाराची उधारी चीनच्या कोर्टात वसूल करता येत नाही. मग बड्या जुगाऱ्याला मकाऊत चिप्स, म्हणजे पैशाऐवजी टेबलावर लावायची टोकन्स, उधार द्यायच्या आणि नंतर त्याच्या गावात जाऊन पैसे वसूल करायचे, हा धंदा जंकेट नावाच्या मध्यस्थांनी उभा केला. कोर्ट नसेल तर वसुली कोण करणार? ट्रायडची माणसं तिथे घुसली ती याच फटीतून. २०११ च्या आसपास कॅसिनोंच्या कमाईतला ७० टक्क्यांहून जास्त वाटा या व्हीआयपी रूम्सचा होता! मग नोव्हेंबर २०२१ मध्ये सगळ्यात मोठ्या जंकेटचा, सनसिटीचा मालक आल्विन चाऊ पकडला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली, त्यानंतर ताक चुनच्या लेव्हो चानला १४ वर्षं. म्हणजे मकाऊतली संघटित गुन्हेगारी बघायची तर ती हिशोबाच्या वह्यांत बघावी लागते. आईवडिलांना आणि पोरांना घेऊन जुन्या शहरातल्या सेनाडो चौकात हिंडणाऱ्या माणसाशी तिचं काही देणंघेणं नाही. पाकीटमार असतील, गर्दीच्या कुठल्याही शहरात असतात, तेवढी काळजी घ्या.

पोर्तुगीज शिस्तीबद्दल अजून थोडं बोलायचंय, कारण 'गोव्यासारखं जिंकून घेतलं आणि वसवलं' असंही एक वाक्य त्या मेसेजमध्ये असतं. मकाऊ जिंकलेलं नाही. १५५७ च्या सुमारास चीनच्या मिंग राजवटीच्या परवानगीने पोर्तुगीज तिथे राहायला लागले आणि पुढे जवळजवळ तीन शतकं चीनला जागेचं भाडं भरत राहिले. १८४० च्या दशकात फरेरा दो अमाराल नावाच्या गव्हर्नरने भाडं बंद केलं, चिनी कस्टमवाल्यांना हाकललं, आणि १८४९ मध्ये काही चिनी माणसांनी त्याला गाठून मारलं. कायमच्या ताब्याचा करार झाला तो १८८७ मध्ये. आणि त्या 'शिस्तीच्या' काळात काय चालायचं? १८५१ ते १८७४ या काळात याच बंदरातून लाखो चिनी मजूर, बरेचसे फसवून किंवा जबरदस्तीने, क्युबा आणि पेरूला जहाजात कोंबून पाठवले गेले. जुगारसुद्धा १८४७ च्या सुमाराला पोर्तुगीज सरकारनेच कायदेशीर केला, हाँगकाँगमुळे बंदराचं उत्पन्न घसरलं होतं म्हणून. हे सगळं विसरून कुणी जुन्या राजवटीचे गोडवे गायला लागलं की मला खरंच राग येतो.

आता 'बघायला काही नाही'. अहो, २००५ पासून तिथला जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे! आणि मराठी माणसाला तर तिथे हाँगकाँगपेक्षा जास्त ओळखीचं सापडतं. १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्यातून चालायचा, जहाजं गोवा, मलाक्का, मकाऊ, नागासाकी अशी जायची. आ-मा देवीच्या देवळापासून चालायला सुरुवात करा, थोडं वर चढलात की पिवळी-पांढरी, कमानींची लांब इमारत लागते, मूरिश बराक म्हणतात तिला, ती १८७४ मध्ये गोव्याहून आणलेल्या शिपायांच्या पलटणीसाठी बांधली होती. आत आता सरकारी ऑफिस आहे त्यामुळे व्हरांड्यावरच समाधान मानावं लागतं, पण आपल्याकडची पोरं इथे येऊन पहारा देत होती हे कळल्यावर ती इमारत वेगळीच दिसायला लागते. पुढे लिलाऊ चौक, मँडरिन हाऊस, सेंट ऑगस्टिन, दों पेद्रू थिएटर, सेनाडो, सेंट डॉमिनिक आणि शेवटी सेंट पॉल चर्चची ती एकटी उभी भिंत. चर्च १८३५ च्या आगीत गेलं, दर्शनी भिंत तेवढी उरली, आणि तिच्यावरचं कोरीवकाम करणाऱ्यांत जपानमधून पळून आलेले ख्रिस्ती कारागीर होते. तिला खेटूनच छोटंसं ना-चा देऊळ आहे आणि जुन्या तटाचा तुकडा, माती, भाताचा पेंढा आणि कालवांच्या शिंपल्या कुटून केलेला. कुणी गाईड तिथे थांबवत नाही, तुम्ही थांबा.

मुंबईकरांसाठी अजून एक. गुइया टेकडीच्या बाजूला पारशी दफनभूमी आहे, १८२९ पासूनची, मुंबईहून आलेल्या व्यापाऱ्यांची. ते काय विकायला आले होते? कापूस, आणि अफू. माळव्यातली अफू मुंबईतून आणि पोर्तुगिजांच्या दमणमधून या किनाऱ्यावर यायची, मुंबईतल्या काही मोठ्या घराण्यांच्या श्रीमंतीचा पाया त्यात आहे. त्यामुळे मकाऊच्या काळ्या पैशाबद्दल बोलताना आपण अगदीच लांबून बोलतोय असं समजायचं कारण नाही.

हे सगळं अर्ध्या दिवसात होत नाही, एक रात्र तरी राहा, मकाऊच्या दक्षिण टोकाला कोलोआनला जाऊन एग टार्ट खा. भारतीय पासपोर्टवर मकाऊला ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, हाँगकाँगसाठी मात्र आधी ऑनलाइन रजिस्ट्रेशन करावं लागतं. २०१८ ला सुरू झालेल्या समुद्रावरच्या पुलावरून बस तासाच्या आत पोचवते, फेरी बोटीला तासभर. पलीकडच्या झुहाईत उगाच पाय ठेवायला जाऊ नका, तिथे चिनी व्हिसा लागतो.

राहिला खर्च काढून देणारा बॅकराट. साधा हिशोब करा. यात पैसे 'बँकर', 'प्लेअर' किंवा 'टाय' म्हणजे बरोबरी, यांपैकी एकावर लावायचे असतात. टेबलावर ३०० हाँगकाँग डॉलरचा डाव धरा, तासाला ६० डाव, म्हणजे तासाभरात १८,००० डॉलर फिरले. 'बँकर'वर कॅसिनोचा फायदा १.०६ टक्के, 'प्लेअर'वर १.२४, म्हणजे सरासरीने तासाला दोनशेच्या आसपास डॉलर तुमच्या खिशातून जाणार, आणि 'टाय'वर लावत बसलात तर १४ टक्क्यांच्या वर, तिथे तासाला अडीच हजार जातील. एखाद्या रात्री जिंकाल, नक्की जिंकाल, म्हणून तर असले मेसेज तयार होतात, हरलेला माणूस कधी फॉरवर्ड लिहीत नाही. २०२४ मध्ये या शहराने जुगारातून सव्वादोनशे अब्ज पटाका (मकाऊचं चलन) कमावले ते कुणाच्या तरी ट्रिपच्या खर्चातूनच. कॅसिनोतल्या नोकरांना तर ड्यूटी नसताना जुगाराच्या फ्लोअरवर पाऊल ठेवायला डिसेंबर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, तिथल्या सरकारला टेबल काय करतं ते माहितीये.

आणि ज्या गुन्हेगारीची भीती घातली जाते ती तुमच्यापर्यंत पोचू शकते ती फक्त इथूनच. कॅसिनोभोवती जास्त रेट देतो म्हणून नोटा बदलून देणारे फिरतात, जुगारासाठीचा हा बेकायदा धंदा २०२४ च्या कायद्याने गुन्हा ठरला, आणि हरलेल्याला उधारी देणारे असतात, ते पैसे परत मिळेपर्यंत माणसाला हॉटेलच्या खोलीत डांबून ठेवल्याच्या केसेस होतात, बहुतेक वेळा फसलेला चीनमधला जुगारी असतो. पैसे बँकेत किंवा हॉटेलात बदला, कुणाकडूनही एक चिपसुद्धा उधार घेऊ नका, आणि तो मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर बॅकराटची ओळ काढून तिथे लिहा की २१ वर्षांखालच्यांना कॅसिनोच्या फ्लोअरवर सोडत नाहीत, पोरं बरोबर असतील तर ते उपयोगाचं आहे.