ओढ कमी झाली म्हणजे मोटर गेली असं नाही

दिवाळीची साफसफाई जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर दोन-तीन वर्षांचीच सोबती असते. ओढ कमी झाली, आवाज चढला, मशीन मध्येच बंद पडलं किंवा जळका वास आला की मोटर गेली समजा. दुरुस्तीत पैसे घालू नका, जास्त वॅटचं नवीन घ्या, असं त्यात असतं. मी मिक्सर आणि व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करतो. या मेसेजपायी चांगली मशीन भंगारात जाताना पाहून जीव तुटतो.

आधी ओढीचं. मोटर पंखा फिरवते, पंखा हवा ओढतो, हवेबरोबर धूळ येते. हवेची वाट अडली की मोटर ठणठणीत असूनही ओढ जाते. पाइप काढा आणि मशीनच्या तोंडावर तळहात ठेवा. हात घट्ट चिकटला तर मोटर चांगली आहे. नाही चिकटला तर पिशवी रिकामी करा, फिल्टर झटका, झाकणाचं रबर नीट बसवा आणि पुन्हा बघा. मग पाइप उभा धरून वरून एक रुपयाचं नाणं सोडा. खालून खणकन पडलं नाही तर दुखणं तिथंच. ‘मोटर गेली’ म्हणून आलेल्या एका मशीनच्या पाइपमध्ये, वळणाशी, झाडूची एक काडी आडवी बसली होती. तिला केस गुंडाळलेले, केसांत राखीचा दोरा, आणि त्यावर धुळीचा बोळा. काडी उपसली, मशीन पूर्ववत.

सुतारकामात गोष्ट वेगळी. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, घासल्यावर उडणारी पूड मैद्यासारखी बारीक असते आणि फिल्टरमध्येच तुंबते. फिल्टर वरून नुसता मळकट दिसतो, पण आपटला की पापुद्रे गळतात.

आवाजाबद्दल तर मेसेज उलटंच सांगतो. वाट तुंबली की पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, मोटरवरचा भार हलका होतो, ती जास्त वेगानं फिरते आणि आवाज चिरका होतो. म्हणजे चिरका आवाज हा बहुतेक वेळा तुंबल्याचा पुरावा. पाणी ओढणाऱ्या मशीनमध्ये टाकी भरली की आतला फ्लोट वर येऊन तोंड बंद करतो, तेव्हाही हाच आवाज येतो. टाकी ओतली की झालं. बेअरिंग गेल्याचा आवाज वेगळा. तो खरखरीत असतो, आणि बटण बंद केल्यावर मोटर थांबेपर्यंत ऐकू येतो.

मध्येच बंद पडण्याचं कारणही बरेचदा तेच. कित्येक मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटर थंड ठेवते. ती कमी पडली की मोटर तापते आणि आतला थर्मल कटआउट वीज तोडतो. प्लग काढा, तुंबलेलं साफ करा, तासभर थांबा.

वासाच्या बाबतीत मेसेज अगदीच चुकीचा नाही. जळका वास आला की प्लग लगेच काढायचाच. पण फिरत्या ब्रशाच्या मशीनमध्ये ब्रशाला केस गुंडाळले गेले की पट्टा घसरून रबर जळतं. कधी मोटरचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे, झिजलेले असतात. जोडी बदलण्याचा खर्च नव्या मशीनच्या मानानं किरकोळ असतो. नवे कार्बन घालूनही कम्युटेटरभोवती, म्हणजे कार्बन ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागाभोवती, ठिणग्यांचं कडं दिसत राहिलं, तर मात्र आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, गेलं. तेव्हा नवीन घ्या, मीही तेच सांगेन.

आणि वॅट? वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं, किती ओढतं ते नव्हे. युरोपियन युनियननं घरगुती मशीनवर 2014 मध्ये 1600 वॅटची आणि 2017 मध्ये 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे साफ होतातच. आपल्याकडे 1400 वॅटचं मशीन 230 व्होल्टला सहा अँपिअर ओढतं. ते बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर चालवलं की वायर तापते.

मेसेजच्या शेवटी ‘फिल्टर धुवा आणि लगेच लावा’ असंही असतं. हे मुळीच करू नका. ओल्या फिल्टरवर धुळीचा चिखल होतो, आणि काही फिल्टर धुवायचे नसतातच. माहितीपुस्तिकेत धुण्याजोगा म्हटला असेल तरच धुवा, सावलीत पूर्ण दिवस वाळू द्या, आणि घडीत बोट घालून कोरडा लागला की मगच बसवा.