शेवट गोड असतो, म्हणून सस्पेन्स खोटा?

वाचकांमध्ये सध्या एक मजकूर बराच फिरतोय. डोंगरात-जंगलात अडकलेल्यांच्या सुटकेवर बेतलेल्या रोमँटिक सस्पेन्स कादंबऱ्या म्हणजे निव्वळ भंपकपणा, असं त्याचं म्हणणं. कारणं चार. शेवट गोड होणार हे आधीच ठाऊक, मग सस्पेन्स कसला? जिवावर बेतलेलं असताना प्रेम कुणाला सुचतं? नायिका नुसती बसून नायकाची वाट बघते. आणि हे सगळं परदेशी खूळ, आपल्याकडे असलं काही नव्हतंच.

शेवट गोड असतो, हे कबूल. ‘रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका’ या लेखकसंघटनेची रोमान्सची व्याख्याच तशी आहे: केंद्रस्थानी प्रेमकथा आणि समाधान देणारा, आशादायक शेवट. पण ही हमी त्या दोघांपुरतीच. बाकीच्यांच्या जिवाची खात्री कुणी देत नाही, आणि दोर कापणारा कोण हेही सांगत नाही. ब्रिटिश लेखिका मेरी स्टुअर्ट यांची ‘वाइल्डफायर ॲट मिडनाइट’ ही कादंबरी १९५६ सालची. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर हरवलेल्या गिर्यारोहकांना शोधायला हॉटेलातले पाहुणेच बाहेर पडतात, आणि संशयाची सुई त्याच पाहुण्यांवर असते. नायिका शेवटी सुखरूप असेल हे माहीत असूनही धुक्यात तिच्या शेजारून चालणारा माणूस कोण, हा प्रश्न उरतोच.

आणि परदेशी खूळ? महाभारतातलं वनपर्व काढा. नळ मध्यरात्री दमयंतीला अरण्यात टाकून जातो. तिला अजगर विळखा घालतो. एक व्याध धावत येऊन अजगराला कापतो, तिला सोडवतो आणि लगेच तिच्यावरच डोळा ठेवतो. तिच्या शापानं तो जागच्या जागी मरून पडतो. ज्यानं सोडवलं त्याच्याचपासून धोका: या प्रकारातली सगळ्यात हुकमी कलाटणी आपल्याकडे केव्हाची पडून आहे. पुढे नळ-दमयंतीची भेट होते हे ठाऊक असून लोक आख्यान ऐकत आलेच ना?

भीतीत प्रेम सुचत नाही, हा मुद्दा तसा पटण्यासारखा वाटतो. पण १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या कॅपिलानोच्या झुलत्या पुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांकडून एका तरुणीनं प्रश्नावली भरून घेतली आणि आपला फोन नंबर देऊ केला. खोल दरीवर हेलकावणाऱ्या पुलावर नंबर घेतलेल्या १८ जणांपैकी ९ जणांनी नंतर फोन केला. भक्कम, कमी उंचीच्या पुलावरच्या १६ जणांपैकी फक्त दोघांनी. माणसं मोजकीच होती, त्यावर प्रेमाचा सिद्धांत उभारू नये. पण ‘शक्यच नाही’ असं छातीठोकपणे म्हणायची सोयही राहत नाही.

हसायचंच असेल तर हसायला जागा आहे, फक्त मजकूर लिहिणाऱ्याला ती दिसली नाही. गारठलेल्या माणसाला वाचवायला दोघांनी एकाच स्लीपिंग बॅगमध्ये शिरायचं, हा तो ठरलेला प्रसंग. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. सुरुवातीला माणूस थरथरतो आणि त्या थरथरीतूनच शरीर उष्णता तयार करत असतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ साली दाखवलं, की सौम्य हायपोथर्मियात दुसऱ्याच्या अंगाची ऊब मिळाली तरी माणूस काही लवकर गरम होत नाही, कारण त्या उबेनं थरथर मंदावते. हातपाय खसाखसा चोळणं आणि ब्रँडी पाजणं तर आणखी वाईट. दारूनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली उष्णता बाहेर जाते.

याच विषयात खरा सस्पेन्स आहे. तापमान ३२ अंशांच्या आसपास उतरलं की थरथर थांबू लागते. माणूस शांत होतो. आणखी गारठल्यावर कधीकधी त्याला चक्क उकडायला लागतं आणि तो जॅकेटची चेन खाली ओढतो. कोऱ्या वाचकाला वाटतं, चला, सावरला. जाणकाराच्या पोटात गोळा येतो.

राहिली नुसती बसून राहणारी नायिका. वाट चुकल्यावर एका जागी थांबणं हेच शहाणपण आहे. हरवलेल्यानं चालत राहून अंतर दुप्पट केलं की शोधायचं क्षेत्र चौपट होतं. अंधारात, पायाखाली सुट्या दगडमातीचा घसारा असताना ‘अजून थोडं उतरून बघू’ हा मोह आवरून रात्रभर थांबायलाही हिंमत लागते. शिवाय या कादंबऱ्यांत श्वानपथकाच्या प्रमुख, हेलिकॉप्टर पायलट, रेंजर अशा नायिकाही भेटतात, त्या कुणाची वाट बघत बसत नाहीत.

माझी तक्रार नायकाबद्दल आहे. हा गडी तिला खांद्यावर टाकून एकटाच कडा चढतो. खरी सुटका अशी होत नाही. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत ही जबाबदारी काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, शेरीफची (पोलीसप्रमुखाची) असते आणि प्रत्यक्ष राबतात ते बहुतांशी स्वयंसेवक. आपल्याकडे लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांची मुलंही अशीच हातातली कामं टाकून निघतात. दरीतून स्ट्रेचर वर आणायचं तर कुणी दोर बांधायला अँकर, म्हणजे पक्का आधार, लावतो, कुणी दोर सांभाळतो, कुणी जखमीशी बोलत राहतो, आणि स्ट्रेचर धरणारे दमले की दुसरे पुढे होतात. यातल्या दोघांचं जुळलं तरी माझी हरकत नाही, फक्त बाकीच्यांना पानावरून गायब करू नका.