ब्याऐंशी लाख ठिपके कसे पोसावेत

टीव्ही घ्यायला निघताना हॉलचं माप घेऊन जाऊ नका. माप घेतलं की शंका येतात, आणि शंकेखोर माणसाला ४के टीव्ही लाभत नाही. नाशिकच्या एम. जी. रोडला गाडी लावायला जागा शोधता शोधता पाऊण तास जातो, तेवढ्या वेळात इंचांचा आकडा आपोआप वाढतो. घरून ४३ म्हणत निघालेला माणूस शालिमारला दुसरा वळसा घालेपर्यंत ५५ वर आलेला असतो. शिवाय सरकारचा आशीर्वाद आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. हे वाचलेले दहा टक्के तसेच खिशात घेऊन घरी येणं म्हणजे दिल्लीचा अपमान. ते इंचांतच घाला.

दुकानात गेल्यावर फक्त बघायचं, बोलायचं नाही. भिंतभर टीव्ही आणि सगळ्यांवर एकच फिल्म: आधी पोपट, मग चमच्यावरून ओघळणारा मध, मग दवानं भिजलेला द्राक्षांचा घड. 'सर, पोपटाचं पीस न् पीस बघा,' असं सेल्समन म्हणेल. बघा. 'यावर आमचं केबलचं चॅनल लावून दाखवता का?' हे विचारू नका. लग्न ठरवताना मुलीला चालून दाखवायला सांगण्याचे दिवस गेले, तसा हाही प्रश्न आता असभ्य समजला जातो. टीव्ही तिथे 'विविड' मोडवर असतो, म्हणजे ट्यूबलाइटच्या उजेडातही रंग ओरडावेत असा. घरी आणल्यावरही तोच ठेवा. बातम्या देणाऱ्या बाईंचे गाल टोमॅटोसारखे दिसले तर पिंपळगावचं मार्केट आठवतं, वाईट काय त्यात?

४के तला 'के' म्हणजे हजार. नावात चार हजार असलं तरी पडद्यावरचे आडवे ठिपके, म्हणजे पिक्सेल, ३८४० च असतात. पूर्ण ४०९६ थिएटरवाल्यांकडे. भाजीवाल्यानं पावशेरात दहा ग्रॅम मारले तर आपण रविवार कारंजा डोक्यावर घेतो. इथे अडीचशेहून जास्त ठिपके गेले तरी गप्प बसायचं. उभे २१६० मिळतात, गुणाकार ८२,९४,४०० होतो. एवढी प्रजा घरात आणतोय म्हटल्यावर थोडं इकडेतिकडे चालायचंच.

आता बसायचं कुठे? सोफा आहे तिथेच राहू द्या. आमचा अकरा फुटांवर आहे, कारण मधून आईची देवघराकडे जायची वाट आहे आणि ती बदलायला या घरात कुणाची छाती नाही. काही चोखंदळ लोक हिशेब मांडतात. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ६/६ ठरलेला डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील ओळखतो. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचा, म्हणजे १९२० गुणिले १०८० चा, एक ठिपका सुमारे ०.६३ मिलिमीटरचा. सात फुटांच्या पलीकडे गेलं की हे ठिपकेच सुटे दिसत नाहीत. मग ४के नं त्या प्रत्येकाचे चार तुकडे केले काय नि न केले काय. ४३ इंची असेल तर हीच हद्द साडेपाच-पावणेसहा फुटांवर येते. म्हणजे आमच्या घरी ब्याऐंशी लाखांपैकी जवळपास बासष्ट लाख ठिपके नुसते हजेरी लावून जातात. असोत. सोसायटीच्या वार्षिक सभेत तरी कोण बोलतं?

टीव्ही भिंतीला लागला, की त्याला काहीतरी खायला घालावं लागतं. इथे मी तुम्हाला स्वतःच्या अनुभवातून सल्ला देऊ शकतो. जोडणीचं यंत्र, म्हणजे टीव्हीला इंटरनेटवरचे सिनेमे पुरवणारा डबा, निवडताना फक्त खोकं वाचा. मी तसंच केलं. दुकानाचं नाव सांगत नाही, डब्यावर कंपनीचं नाव धड नव्हतंच. पण सोनेरी अक्षरांत '८के' लिहिलेलं होतं. ४के टीव्हीला ८के डबा, म्हणजे पुढची सोयसुद्धा झाली! आणला, जोडला, शेजारच्या काकांना चहाला बोलावलं. काका एका वेब सिरीजची पाच मिनिटं बघून म्हणाले, 'फरक लगेच कळतो हो. आमच्याकडे असं दिसत नाही.' तीन आठवडे आम्ही या फरकात न्हाऊन निघालो. मग अकरावीतली पुतणी आली, सेटिंगमध्ये कुठेतरी खोल शिरली आणि म्हणाली, 'काका, हे ४८० ला चाललंय.'

भानगड अशी, की पैसे घेऊन सिनेमे दाखवणारी ॲप आधी यंत्राची झडती घेतात. चित्राचं कुलूप चिपच्या सुरक्षित कप्प्यात उघडत असेल तर त्याला वाइडवाइन एल-१ म्हणतात, आणि मोठी ॲप एचडी नि ४के अशाच यंत्राला देतात. आमच्या डब्याच्या पोटात होतं त्या कप्प्याविना चालणारं एल-३. खोक्यावर ८के, पोटात एल-३, पडद्यावर ४८० रेघा आणि काकांच्या डोळ्यांत हेवा. मी काकांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. त्यांनी मागच्या महिन्यात तोच डबा घेतलाय.

नावाजलेल्या कंपनीची काडी, म्हणजे टीव्हीत खोचायची स्ट्रीमिंग स्टिक, घेतली तरी आनंदाला अटकाव नाही. तिच्यासोबत आलेला ॲडॅप्टर कपाटात टाका आणि काडीची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खुपसा, कारण भिंतीवर लोंबणारी वायर वाईट दिसते. साध्या यूएसबी पोर्टातून अर्धा अँपिअर मिळतो, ४के च्या काडीला जास्त लागतो. मग ऐन क्लायमॅक्सला ती डुलकी काढते आणि पुन्हा कंपनीचा लोगो दाखवत उठते. तेवढ्यात भाजी परतून होते, असं घरात म्हणतात.

जुना होम थिएटर मात्र टाकू नका. बारा-पंधरा वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला, हौसेचा. काडी त्याला, तो टीव्हीला. ४के चित्राला वाटेतल्या प्रत्येक यंत्राकडून एचडीसीपी २.२ नावाचा परवाना लागतो. साखळीतल्या एकाकडे जरी नसला की चित्र १०८० वर उतरतं किंवा पडदा काळा. आमचा होम थिएटर त्या परवान्याच्या आधी जन्मलेला. केबलचंही तेच. माळ्यावरच्या पिशवीत एचडीएमआय सापडली, तीच लावा. जुन्या १.४ आवृत्तीला ४के फार तर सेकंदाला ३० चित्रांपर्यंत झेपतं, ६० ला २.० ची १८ जीबीपीएसची वाट हवी. शिवाय बऱ्याच टीव्हींत एचडीएमआयच्या मेनूत जाऊन 'एन्हान्स्ड' की काय ते चालू करावं लागतं. तो मेनू उघडायचाच नाही, एवढं पथ्य पाळलं तरी पुरे.

इंटरनेटवर जरा निवांत बोलू, कारण आपल्या जिल्ह्याला हा विषय लवकर समजतो. ४के चं एक चित्र म्हणजे ब्याऐंशी लाख ठिपके, दर ठिपक्याला २४ बिट, आणि सिनेमाची सेकंदाला २४ चित्रं. सेकंदाचे झाले सुमारे ४७८ कोटी बिट. नेटफ्लिक्स ४के साठी कनेक्शन मागतं १५ एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला दीड कोटी. बाकीचे गेले कुठे? बेदाणा केला. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इथे तीनशे किलोंहून जास्त द्राक्षांचा एक किलो होतो. हे वाळवण्याचं तंत्र २०१३ साली एचईव्हीसी नावानं आलं, २०१८ मध्ये एव्हीवन. आणि तुमचा टीव्ही तो बेदाणा पाण्यात भिजवून पुन्हा द्राक्ष म्हणून ताटात वाढतो. लांबून बघितलं तर कळतसुद्धा नाही. अंधारातला प्रसंग किंवा पाऊस आला की मात्र सुरकुत्या दिसतात. ४के ब्लू-रेची तबकडी १२८ एमबीपीएसपर्यंत देते, पण तबकडी विकत घ्यायची म्हटल्यावर घरचे जसे बघतील तो चेहरा मला ४के त नको.

तर या बेदाण्याची वाट कशी असावी? राउटर दाराशी, चपलांच्या कपाटावर, जिथून फायबर आत आली तिथेच. मध्ये देवघराची भिंत, भिंतीला गणपती, पलीकडे फ्रिज, मग टीव्ही. वाय-फायची ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतींना भिणारी. ती देवघरापर्यंत येते आणि तिथेच नमस्कार करून थांबते. २.४ ची येते, पण ती मायक्रोवेव्हचीच भावंड. कुणी दूध गरम करायला ठेवलं की नायकाच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. सरळ लॅन केबल टाकावी असं पुतणी म्हणते. पण मग हॉलच्या रंगाचं काय? रंग नुकताच दिलाय.

ठिपक्यांना पोसायचं तर तासाला पावणेसात जीबी लागतात. ॲपची योजनाही तीच हवी ज्यात ४के आहे, म्हणजे सगळ्यात महाग. ती घेऊ नका. मधली घ्या आणि ४के आलं असं समजा. काकांना कुठे कळलं?

आता घरातला खरा प्रेक्षक. आमच्याकडे साडेसात ते दहा टीव्ही आईचा, आणि आई बघते जुन्या सेट-टॉप बॉक्सवरचं साधं चॅनल, ७२० गुणिले ५७६. भागाकार केलात तर बरोबर वीस येतात, दशांश चिन्हही लागत नाही. म्हणजे सासूबाईंच्या कुंकवाचा एक ठिपका टीव्हीला वीस ठिपक्यांत वाटून द्यावा लागतो. उरलेले एकोणीस तो बिचारा मनानं रचतो. वर चॅनल आडवं ताणून पडदाभर केलेलं, त्यामुळे मालिकेतली सगळी माणसं सुखवस्तू दिसतात. मी एकदा प्रमाण नीट केलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या. आई म्हणाली, 'एवढे पैसे घातले आणि टीव्ही अर्धाच लागतो होय रे?' पुन्हा ताणलं.

मेनूत 'मोशन' नावाचं काहीतरी असतं, ते पूर्ण चढवा. सेकंदाच्या २४ चित्रांमध्ये टीव्ही आपल्या मनाची चित्रं घालतो आणि कोट्यवधींचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो. विमानाला बाहेरून लटकणाऱ्या टॉम क्रूझनं डिसेंबर २०१८ मध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना विनवलं होतं, की बाबांनो, हे बंद करा. पण आपण त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या मुलखातली माणसं, आपल्याला बाहेरच्यांनी शिकवू नये. दादासाहेबांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवावा लागे. दांडा हळू-जलद झाला की पडद्यावरची चालही बदलायची. आता दांडा टीव्हीच्या हातात आहे, एवढंच. पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. पुढच्या वेळी मिसळ खाऊन तिकडून येताना मनातल्या मनात माफी मागून टाका.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र, त्याबद्दल फार बोलत नाही. स्वस्त टीव्हीवरचं एचडीआर म्हणजे पाहुणे येणार हे माहीत असणं. घरात त्यांना बसवायला जागा असते असं नाही.

एवढं सगळं जमलं, की पाहुण्यांना बोलवा. आमचे दिंडोरीकडचे मामा परवा आले, बागेतली पेटी घेऊन. चार एकर द्राक्ष, यंदा पावसानं घायकुतीला आलेले. त्यांना म्हटलं, मामा, बसा, टीव्ही दाखवतो. पुतणीनं तोवर नवी काडी ॲडॅप्टरला जोडली होती, राउटर उचलून टीपॉयवर आणला होता. यूट्यूबवर दुकानातल्यासारखीच एक फिल्म लावली. पोपट आला, मामा काही बोलले नाहीत. मध आला, गप्प. मग दवातला घड आला आणि मामा सोफ्यावरून उठले.

आईची देवघराची वाट ओलांडून सरळ टीव्हीपाशी गेले. सात फूट, पाच फूट, दोन फूट. चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक पडद्यापासून वीतभर अंतरावर नेलं. टीव्ही आल्यापासून तेवढ्या जवळ घरातलं कुणीच गेलं नव्हतं.

'थांबव.'

मी थांबवलं.

'घड राहू दे. मागचं पान बघ. इथं. तेलकट डाग धरलाय.' त्यांचं बोट काचेवर टेकलं, ठसा उमटला. 'डावणी आहे ही, बुरशी. दव बघ ना किती पडलंय. फवारणी चुकवलीय यांनी.'

'मामा, हे परदेशातलं असेल कुठलं तरी.'

'असू दे. दव तिथंबी पडतंय.' ते वाकून खालून बघायला लागले, मान तिरकी करून, टीव्हीच्या खालच्या कडेपाशी. मग माझ्याकडे वळले.

'एवढं पान उलटं करून दाखव जरा. खालून पांढरं आलंय का बघू.'

मी रिमोट डोळ्यांजवळ धरून एकेक बटण वाचायला लागलो.