लक्ष्मी रस्त्यावरचे गचके

साडेसहाशे सीसीची, दोन सिलिंडरची गाडी घेतली की लोक दोनच गोष्टी विचारतात: ॲव्हरेज किती देते आणि केवढ्याला पडली. संध्याकाळी सात वाजता पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून ताशी दहा किलोमीटरने जाते का, हे कुणी विचारत नाही. शोरूममधल्या मुलानेही टेस्ट राइडला हायवेच दाखवला होता, आणि हायवेवर हिच्याबद्दल एक शब्द वावगा बोलायची सोय नाही.

हिची खरी ओळख कुंटे चौकाच्या आसपास होते. पुढे रिक्षा, बाजूला साड्यांच्या पिशव्या, मध्येच हात दाखवून रस्ता ओलांडणारे आजोबा. गिअर पहिला. ॲक्सिलरेटरची मूठ केसभर पिळावी तर गाडी रिक्षाला भेटायला झेपावते. घाबरून सोडावी तर जागच्या जागी मान टाकते. पुन्हा पिळा, पुन्हा झेप. दर झेपेला मागे बसलेल्या आमच्या हिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्‌.

"अहो, हिला उचकी लागलीय का?"

"लागली असेल."

"कोण एवढी आठवण काढतंय?"

"बँक." हप्त्याची तारीख जवळ आली होती.

कार्ब्युरेटरच्या काळी मूठ सोडली तरी आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद फिरत राहतं त्या वाटेने थोडंफार पेट्रोल झिरपत राहायचं. इंजेक्शनवाली, म्हणजे कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणारी गाडी हिशेबी. मूठ सोडलीत आणि इंजिन अजून आयडलच्या बरंच वर फिरतंय, म्हणजे तुम्हाला पेट्रोल नकोच आहे असं समजून ती पुरवठा बंद करते. मूठ उघडलीत की एकदम परत चालू. मधलं काही नाही. त्यात १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम, बीएस ६, म्हणजे पेट्रोलचा थेंबन्‌थेंब मोजून. बरं, चार सिलिंडरच्या गाडीत तेवढ्याच ताकदीचे चार लहान वाटे होतात. इथे दोन मोठे, आणि माझ्या गाडीत तेही सारख्या अंतराने नाहीत: एका सिलिंडरची ठिणगी पडली की दुसऱ्याची क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, २७० अंश फिरल्यावर, आणि पुन्हा पहिल्याची त्यानंतर ४५० अंशांनी. वेगात असताना हा बेताल ठेका कानाला गोड लागतो. दीड हजार आरपीएमला तोच कमरेत लागतो.

आणि यात स्वार म्हणून माझंही योगदान आहे. गाडी झेपावली की मी मागे जातो. मी मागे गेलो की मुठीवरचा हातही मागे येतो, म्हणजे मूठ आणखी पिळली जाते. गाडीने मान टाकली की मी पुढे, मूठ बंद. गाडी मला हलवते, मी मुठीला, मूठ गाडीला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काका नवीन शिकतायत.

सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप जोडला.

"सर, एरर येत नाहीये."

"पण गचका येतोय ना."

"पण सर, एरर नाहीये."

यापुढे संवाद शक्य नव्हता. पुतण्याने ईसीयू रिमॅप करायला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं गणित बदलून घ्यायला सांगितलं. खर्च ऐकूनच एक गचका बसला.

शेवटी नाना पेठ. तिथल्या मेकॅनिकने गाडी सुरूसुद्धा केली नाही. मेन स्टँडवर घेतली, खाली उकिडवा बसला आणि चेनला मधोमध बोट लावून वर-खाली केलं. मग चाक थोडं फिरवून पुन्हा बोट. एका जागी चेन ताठ, अर्ध्या फेऱ्यानंतर लोंबती. "सगळीकडे सारखी कधीच ताणत नाही, साहेब. जिथे सगळ्यात टाइट, तिथे ढिलाई मोजायची," असं म्हणत त्याने खिशातली स्टीलची पट्टी काढली. मग मागचं चाक घट्ट धरून मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, पुढे-मागे हलवलं. टक-टक. हबमधले कपलिंग रबर, म्हणजे चेनचा धक्का चाकापर्यंत जाण्याआधी सोसणारे रबर, दबून गेले होते, ही बातमी चाकाने स्वतः दिली. नवे रबर मिळेपर्यंत त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फटींत कोंबल्या. शेवटी मुठीची केबल. दोन-तीन मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलाई, हवा. माझी मूठ चांगली सेंटीमीटरभर नुसतीच फिरत होती. त्याने ॲडजस्टरचं रबरी टोपण मागे सारलं, लॉकनट सैल केला, प्ले काढला. मग इंजिन सुरू करून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. वळवताना आरपीएम वाढला तर केबल जास्त ताणली गेली. वाढला नाही.

म्हणजे इतके दिवस चाललं होतं ते असं: मी मूठ पिळायचो, तर आधी केबलची ढिलाई संपायची, मग चेनची, मग रबरांची. तोवर मी, काहीच होत नाही म्हणून, आणखी पिळलेलं असायचं. मग सगळं मिळून एकदम.

बाकीचं काम त्याने माझ्या मनगटाला लावून दिलं. मूठ मुठीत धरायची नाही. अंगठा आणि पहिलं बोट शेजारच्या स्विचच्या डबीला टेकवून ठेवायचं, म्हणजे हात उचकला तरी मूठ उचकत नाही. कोपर सैल. थोडा वेग असेल तर पहिल्याऐवजी दुसरा गिअर, कारण पहिल्यात प्रत्येक धक्का मोठा होऊन चाकाशी पोचतो. मूठ थोडी उघडी ठेवून वेग हाफ क्लचने सांभाळायचा, आणि वर मागचा ब्रेक अगदी हलका दाबून. ब्रेक दाबून रेस द्यायची, हे मला आमच्या तीर्थरूपांनी स्कूटरवर कान पिळून सोडायला लावलं होतं. "क्लच जळेल," असं सोसायटीतले तीन जण तरी सांगून गेले. हा क्लच तेलात बुडलेला असतो. पार्किंगपासून फाटकापर्यंत त्याचं काही बिघडत नाही. हे मी त्यांना समजावत बसलो नाही, कारण त्यातल्या एकाकडे अजून ऐंशीतली स्कूटर आहे आणि ती कधीच गचका मारत नाही.

आता कुंटे चौकातून गाडी बरी जाते. हेल्मेटची टकटक थांबली आहे. गचक्यांच्या नादात जे कधी जाणवलं नव्हतं ते मात्र आता स्पष्ट जाणवतं: सिग्नलला उभं राहिलं की पंखा सुरू होतो आणि इंजिनची सगळी गरम हवा उजव्या मांडीवर येते. मेकॅनिकला फोन केला.

"त्याचं काय करायचं?"

"ते हिवाळ्यात जातं, साहेब."