नैरोबीतल्या महाम्री आणि आमचं 'अस्सल'

माहेरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेले चार दिवस एकच विषय चाललाय. माझा चुलत भाऊ पुण्यात 'अस्सल मालवणी' अशी पाटी बघून कोंबडी-वडे खायला गेला, हात धुवायला आत गेला तर वडे थापणारा मुलगा ओडिशाचा. झालं. "ह्या मालवणी नाय, ही फसवणूक आसा" पासून "आपलं खाणं आपल्याच हातचं पाहिजे" पर्यंत सगळे तुटून पडले. पण वडे कसे होते हे एकानेही विचारलं नाही हो. फुगले होते का, पिठात धणे-मेथी लागत होती का, काही नाही. फक्त मुलगा कुठला, एवढंच.

मला याचा एवढा राग का आला ते सांगते.

मी नैरोबीत अकरा वर्षं आहे. इथे आले तेव्हा वाटलं होतं, केनियाला समुद्र आहे म्हणजे नारळ असणार, नारळ आहे म्हणजे आपलं जमेल. पण नैरोबी म्हणजे 1899 मध्ये रेल्वेच्या कामासाठी पठारावर वसवलेलं गाव, उंची सुमारे 1,700 मीटर, इथे नारळ लागतच नाही. किनाऱ्यावरचं मोम्बासा इथून 480 किलोमीटरवर, नारळ तिथून लॉरीने येतो आणि त्यातले बरेच खवट निघतात. त्यामुळे इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात ते मांदाझी, म्हणजे तळलेले गोडसर पाव, बेकिंग पावडरचे, नारळाचा पत्ता नाही, आणि मोठ्या हॉटेलात तेच प्लेटमध्ये ठेवून महाम्री म्हणून विकतात. महाम्री म्हणजे नारळाच्या रसात मळलेलं, वेलची घातलेलं, यीस्टने आंबवलेलं पीठ. गोल लाटायचं, चार तुकडे करायचे आणि तेलात सोडल्यावर झाऱ्याने वरून तेल उडवत राहायचं, की फुगून आतून पोकळ होतात, आमच्या वड्यांसारख्या. सोबत म्बाझी, म्हणजे नारळाच्या रसातली तूर. मोम्बासाच्या ओल्ड टाऊनमध्ये पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला सरळ आमची काळ्या वाटाण्याची उसळ आठवली आणि मी तिथेच रडले.

तेव्हापासून नैरोबीत शोधते आहे. व्हियाझी कराई घ्या. उकडलेला बटाटा हळदीच्या पिठात बुडवून तळायचा आणि वर उक्वाजूची, म्हणजे चिंचेची, आंबट-तिखट चटणी. नावातलं कराई म्हणजे आपली कढईच. नैरोबीत तीन ठिकाणी खाल्ले, दोन ठिकाणी चिंचेऐवजी टोमॅटो सॉस! व्हितुम्बुआ, म्हणजे तांदूळ-नारळाचे गोड आप्पे, अगदी आपल्यासारख्या पात्रातले, ते एकदा मिळाले रमजानमध्ये आणि नंतर गायब. मोम्बासाला लाइटहाऊसपाशी समुद्राकडे तोंड करून मिरची-लिंबू लावलेला तळलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, खायचा, ते तर इथे मागूच नये.

महाम्री शेवटी सापडल्या त्या पुम्वानी-माजेंगोच्या एका गल्लीत. ऑफिसमधल्या ड्रायव्हरने सांगितलं होतं, सातच्या आत जा. एक बाई जिकोपाशी, म्हणजे कोळशाच्या शेगडीपाशी, बसलेली, शेजारी टबात पीठ आणि टबावर चक्क लोकरी ब्लँकेट, कारण जुलैच्या थंडीत इथे पीठ फुगत नाही. आणि बाजूला म्बुझी. स्वाहिलीत म्बुझी म्हणजे बकरी, पण नारळ खवायच्या लाकडी बैठकीलाही तेच म्हणतात, पुढे दातेरी पातं, आपण वर बसायचं. आमच्या आडाळ्याचा भाऊ. मी न विचारता जाऊन बसले आणि अर्धा नारळ खवून दिला. बाईने एकदा हाताकडे बघितलं आणि दुसरा अर्धा पुढे केला. मी तिला मामा म्हणते, ती मला दादा म्हणते, इथे असंच असतं, स्वाहिलीत मामा म्हणजे आई आणि दादा म्हणजे बहीण.

तर ही मामा किनाऱ्यावरची स्वाहिली नाहीच. आतल्या भागातल्या माचाकोसकडची, कांबा जमातीची, वयाच्या पंधराव्या वर्षी ओल्ड टाऊनमध्ये एका घरी कामाला लागली आणि अठरा वर्षं तिथल्या स्वयंपाकघरात काढली. जाड रस पिठाला, पातळ रस तुरीला, हे तिच्या हातात बसलंय. म्हणजे पुण्यातला तो ओडिशाचा मुलगाच की ही! हे मी ग्रुपवर लिहिलं, वर लिहिलं की इथे लोक चव बघतात, जात-गाव विचारत नाहीत. काकांचं उत्तर आलं, "तुका थंय बसान काय कळता आमचा." आमचा. त्या एका शब्दावर मी दोन दिवस काही लिहिलं नाही.

पण एक गोष्ट मी तिथे लिहिली नाही, ती इथे लिहिते. विचारतात, इथेही विचारतात. ऑफिसमधल्या, किनाऱ्याजवळच्या लामू बेटावरच्या सहकाऱ्याला मी मामाच्या महाम्री नेऊन दिल्या, तो म्हणाला छान आहेत, वेलची कमी आहे, आणि मग पहिला प्रश्न हाच, कुणाच्या हातच्या? कांबा म्हटल्यावर गप्प झाला. किनाऱ्यावरची माणसं वरच्यांना, म्हणजे आतल्या भागातल्यांना, वाबारा म्हणतात आणि त्यात गोडवा नसतो. किनाऱ्याची दहा मैलांची पट्टी 1963 पर्यंत कागदोपत्री झांझिबारच्या सुलतानाची होती, नंतर जमिनी बाहेरच्यांकडे गेल्या अशी त्यांची जुनी तक्रार आहे, आणि 'प्वानी सी केन्या', किनारा म्हणजे केनिया नव्हे, ही घोषणा त्यातूनच निघाली. मला ते समजतं. आमच्या देवगडात सड्यावरच्या जमिनी कोण घेतंय हे काकांना दिसतं, म्हणून ते वड्यावर येऊन भांडतात.

फक्त काकांना एक विचारायचं होतं. आपल्याच हातचं म्हणता, ते हात कुठे आहेत? एक मुंबईत, दोन पुण्यात, एक नैरोबीत. घराला कुलूप आहे. आजीचा आडाळा माळ्यावर गंजत पडलाय आणि मी परक्या गल्लीत परक्या बाईच्या म्बुझीवर बसून नारळ खवतेय. वडे थापायला मी घरी थांबले नाही. तो मुलगा थापतोय.

मागच्या शनिवारी मामाने विचारलं, "क्वेनु नी वापी?" तुमचं घर कुठे. मी म्हटलं, "प्वानी." ती म्हणाली, "प्वानी इपी?" कुठला किनारा? मी म्हटलं, देवगड. तिने दोनदा घोळवून बघितलं आणि शेवटी एक इ लावून टाकला, देवगाडी. आता लांबून मला बघितलं की दादा नाही म्हणत, देवगाडी म्हणून हाक मारते.