सीआरएफचा गुन्हा नाही भाऊ, टीव्हीची कुवत बघा

नमस्कार भाऊ,

प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. माझा लेख वाचून तुम्ही लग्नाची फिल्म एच.२६४ मध्ये (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), सीआरएफ २० वर (क्वालिटी ठरवायची आणि बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारा डेटा, मोकळा सोडायचा), व्हेरीस्लो प्रीसेट (एन्कोडरने किती सावकाश काम करायचं याचं तयार सेटिंग) लावून रात्रभर एन्कोड केली. लॅपटॉपवर मस्त चालली. मानेवाड्याच्या पार्टीने पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि ऐन अक्षतांच्या वेळी चित्र अटकलं. त्यावर तुम्ही लिहिता: "पुस्तकी सल्ले काहून देता? आमचं १२ हजारचं सीबीआर कधी अटकलं नाही. अन् एच.२६५ असताना हे जुनं कायले?" (सीबीआर म्हणजे बिटरेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा, आणि १२ हजार म्हणजे सेकंदाला १२ हजार किलोबिट.)

लेखात मी प्रीसेट मीडियम लिहिला होता. तुम्ही व्हेरीस्लो लावला, कारण हळू म्हणजे चांगलं असं सगळ्यांनाच वाटतं. सीआरएफ तोच ठेवून प्रीसेट हळू केला तर मुख्यतः फाईल लहान होते, चित्र फारसं सुधारत नाही. आणि त्या लहान फाईलची किंमत टीव्ही मोजतो. एन्कोडर नवी फ्रेम रचताना मागच्यापुढच्या फ्रेममधले तुकडे उसने घेतो. त्या फ्रेम (रेफरन्स फ्रेम) फिल्म चालवणाऱ्या यंत्राला मेमरीत धरून ठेवाव्या लागतात. फाईल चालवायला यंत्राची कुवत किती लागेल, ते लेव्हल सांगते. १०८०पी ला लेव्हल ४.१ मध्ये अशा ४ फ्रेमची मुभा आहे. एक्स२६४ (एच.२६४ बनवणारा एन्कोडर) चा मीडियम ३ वापरतो, स्लो ५, आणि व्हेरीस्लो थेट १६. म्हणजे लेव्हल हाताने बांधली नसेल, तर तुमच्या फाईलवर ५.१ चा शिक्का बसलेला असणार. लॅपटॉपला त्याचं काही नाही. टीव्हीतली चिप मात्र ठराविक लेव्हलपर्यंतच बनवलेली असते.

खात्री करायला मीडियाइन्फोमध्ये (फाईलची आतली माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाईल उघडा. फॉरमॅट प्रोफाइलसमोर 'हाय@एल५.१' आणि रेफरन्स फ्रेम्ससमोर १६ दिसलं, तर पहिला चोर सापडला.

दुसरा चोर अक्षतांमध्ये आहे. मंगलाष्टकं चालू असताना तुमचा कॅमेरा ट्रायपॉडवर असतो. अंतरपाट ताणलेला, भटजी एका जागी, मागचं डेकोरेशन हलत नाही. अशा सीनला सीआरएफ अगदी थोडक्या बिटरेटमध्ये भागवतो. मग 'सावधान' म्हटलं की अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, वरून कन्फेटी पडते, बाजूला फ्लॅश चमकतात. आधीच्या फ्रेममधलं उसनं घ्यावं असं काही उरतच नाही. सीआरएफला क्वालिटी राखायची असते, त्यामुळे बिटरेट क्षणात कितीतरी पट वर जातो. नागपुरात महालातल्या मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीचं फुटेज एकदा एन्कोड करून बघा, तिथे आलेख असाच वर जाऊन बसतो.

तुमचं सीबीआर अटकत नाही, कारण ते १२ हजारच्या वर जातच नाही. पण अंतरपाटाच्या शांत सीनलाही ते तेवढेच बिट उधळतं आणि अक्षतांच्या वेळी तेवढ्यातच भागवतं, मग नवरीच्या शालूवर चौकटी दिसतात. तीन तासांच्या फिल्मला १२ हजारने साधारण १६ जीबी लागतात. (पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर एक फाईल ४ जीबीच्या वर जातच नाही. तुकडे करा किंवा टीव्ही एक्सफॅट घेतो का ते आधी बघा.)

म्हणून सीआरएफ सोडू नका, त्याला झाकण लावा. प्रीसेट मीडियम, प्रोफाइल हाय, रेफरन्स फ्रेम जास्तीत जास्त ४, मॅक्सरेट (बिटरेटची वरची मर्यादा) आणि बफसाइज (ती मर्यादा किती डेटाच्या पट्ट्यावर मोजायची) दोन्ही २० हजार. सीआरएफ २० ठीक आहे. लेव्हल २५ किंवा ३० फ्रेमला ४.१. तुम्ही ५० फ्रेमने शूट करत असाल तर १०८०पी ४.१ मध्ये बसत नाही, ४.२ लागते. रंग ८-बिट ४:२:० (नेहमीचा प्रकार) च ठेवा. एच.२६४ मध्ये १०-बिट केलं तर बहुतेक टीव्ही हात वर करतात.

एच.२६५ बद्दल. ते २०१३ मध्ये आलं, आणि तेवढ्याच क्वालिटीला फाईल बरीच लहान होते हे खरं आहे. स्वतःच्या साठवणीला मीही तेच वापरतो. पण कस्टमरच्या घरी कोणता टीव्ही आहे हे तुम्हाला डिलिव्हरीच्या दिवशी कळतं, आणि एच.२६४ जवळपास सगळीकडे चालतं. शिवाय सीआरएफचे आकडे दोन्हीकडे सारखे नसतात: एक्स२६४ चा डीफॉल्ट २३ आहे, एक्स२६५ चा २८. दोन्हीकडे २० लावून तुलना केली तर ती फसवी होते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, पण शूटिंगवाल्यांकडून नेहमी ऐकतो: "पॅन करताना (कॅमेरा आडवा फिरवताना) झटके येतात, बिटरेट वाढवू का?" नका वाढवू. कॅमेरा २५ फ्रेमचा आणि पाहुण्याच्या मोबाइलची क्लिप ३० ची, दोन्ही एकाच २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर टाकल्या की मोबाइलच्या दर सहा फ्रेममधली एक गळते. सेकंदाला पाच बारीक धक्के. त्यात मोबाइलचा फ्रेमरेट स्थिर नसतो, म्हणून आवाजही हळूहळू सरकतो. एडिटला घेण्याआधी क्लिप कॉन्स्टंट फ्रेमरेटवर आणा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली क्लिप २० हजारला एक्सपोर्ट करू नका हो. पातेलं मोठं केल्याने पातळ तर्री दाट होत नाही.

आता पूर्ण फिल्म पुन्हा एन्कोड करायची घाई नको. अंतरपाट खाली येतो तिथली दोन मिनिटं कापा, वरच्या सेटिंगने काढा आणि त्याच पार्टीच्या टीव्हीवर चालवून बघा. तरीही अटकलं तर जुन्या आणि नव्या, दोन्ही फाईलचा मीडियाइन्फोमधला मजकूर इथे चिकटवा, मग पेनड्राइव्हपासून तपासायला सुरुवात करू.